वैलावरचं दूध

१० जानेवारी, शुक्रवार

हार्ड डिस्क आज कुरियरने आल्या. दोन आहेत. एकीत ‘वैल’ या चित्रपटाच्या मूळ निगेटिव्हचं स्कॅन, दुसरीत त्याचीच प्रत. उघडून तपासलं, सगळी रिळं आहेत. शेवटच्या रिळावर ओरखडे आहेत, पण ते दुसरं कोणी साफ करणार. माझं काम फक्त रंग आणि उजेड-काळोख.

चित्रपट १९८४ चा. दिग्दर्शक जयराम गायधनी. त्या वेळच्या छापील प्रती आता गुलाबी पडल्या आहेत, निळा आणि हिरवा उडून गेलाय. मूळ कसं दिसत होतं हे सांगू शकणारा एकच माणूस उरलाय, तो म्हणजे स्वतः दिग्दर्शक. ते पळशाला राहतात, आमच्या एकलहऱ्याच्या घरापासून स्कूटीवर थोडंसंच अंतर. मुंबईच्या संस्थेतल्या ललितने मला निवडलं त्याचं हेच मुख्य कारण असावं.

कामाची खोली तयार झाली. आईची शिलाईची खोली घेतली. खिडकी एकच, उत्तरेची, ती काळ्या कापडाने बंद केली. भिंती गुलाबी होत्या, त्यांना करडा रंग दिला. गुलाबी भिंतीसमोर बसून पडद्यावरचा कुठलाच रंग खरा दिसत नाही. एका भिंतीवर आईने गिऱ्हाइकांची मापं पेन्सिलीने लिहिलेली होती. ती झाकायला दोन हात द्यावे लागले. बाबा दारात उभे राहून बघत होते.

“मला सांगितलं असतंस, मी दिला असता रंग.”

मी म्हटलं, करडा नेमका कोणता ते तुम्हाला कळलं नसतं.

आई सप्टेंबरमध्ये गेली. मी तेव्हा मुंबईला होते, हॉस्पिटलमध्ये बाबा होते. नोव्हेंबरपासून मी इथे आहे. बाबा वीज केंद्रातून निवृत्त झालेत, ठणठणीत आहेत, स्वतःचा चहा स्वतः करतात. इथे का राहिलीस असं कोणी विचारलं तर मी सांगते की भाडं वाचतं.

१४ जानेवारी, मंगळवार

पळशाला जाऊन आले. उसाच्या मधून आत गेलं की एकटंच सिमेंटचं घर. दार लताबाईंनी उघडलं. घर आणि सर, दोन्ही त्याच सांभाळतात.

“तुम्हीच का त्या कलरवाल्या? मला वाटलं डबा-ब्रश घेऊन येताल.” आणि लगेच वाटीतून तिळगूळ पुढे केला.

“आमच्याकडे यंदा सण नाही.”

“नसंना का. गुळाला काय ठावं?”

घेतला.

गायधनी सर एक्याऐंशी वर्षांचे आहेत. डोळ्यांतला मधला भाग गेलाय, कडा शिल्लक आहेत. माझ्याकडे बघायचं असलं की ते माझ्या कानाच्या पलीकडे नजर लावतात. आधी वाटलं, मागे कोणी उभं आहे.

“हसू नकोस,” म्हणाले. “आयुष्यभर माणसांना चौकटीच्या कडेला ठेवलं. आता मला फक्त कडाच दिसते.”

“मी हसले नाही सर.”

“ते मला कसं कळणार?”

मग विचारलं, माझे पिक्चर पाहिलेस का. मी खरं सांगितलं. शिकत असताना ‘वैल’ एकदा दाखवला होता, मला झोप लागली.

“मला बी लागती,” लताबाई आतून म्हणाल्या. “काही घडतच नाय. दार उघडं ऱ्हातं, बास.”

सर मोठ्याने हसले. दर मंगळवारी जायचं ठरलं.

१९ जानेवारी, रविवार

सरांचे चारही चित्रपट ओळीने पाहिले, आवाज बंद ठेवून. त्यामुळे रचना नीट दिसते.

कॅमेरा जवळजवळ हलत नाही. उंची नेहमी तीच, जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची. दार, खिडकी, ओटा हे मध्यभागी, माणसं डाव्या किंवा उजव्या टोकाला. कोणी रडणार असलं की त्याची पाठ आपल्याकडे असते. उजेड बहुतेक संध्याकाळचा, दिवा लागण्याच्या आधीचा. पार्श्वसंगीत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: माणूस खोलीतून निघून गेला तरी कॅमेरा तिथेच थांबतो. इतका वेळ की आपल्याला वाटतं, संकलकाने चूक केलीय.

विषय म्हणावा तर चारही चित्रपटांत एकच आहे. कोणीतरी जातं, कोणीतरी मागे राहतं, आणि गोष्ट मागे राहणाऱ्याची असते. ‘वैल’मध्ये घरातली माणसं एकेक करून शहरात जातात. थोरली सून राहते. शेवटी तीही जाते, आणि मग सात मिनिटं रिकामं स्वयंपाकघर. वैलावर दूध ठेवलेलं. (वैल म्हणजे चुलीच्या बाजूचं दुसरं तोंड. तिथे सरपण घालत नाहीत, मुख्य चुलीतला उरलेला जाळ तिला मिळतो. मला बाबांना विचारावं लागलं.) दूध हळूहळू वर येतं आणि उतू जातं. संपलं.

देशाबाहेर या सात मिनिटांवर बरंच लिहिलं गेलंय. त्यांतलं थोडं वाचलं. ‘अनुपस्थितीचं चित्र’ वगैरे.

बाबा मागून येऊन शेवटचा भाग बघून गेले. “गॅस बंद करायला कोणी नाही का?” म्हणाले. चूल आहे बाबा, मी म्हटलं.

२२ जानेवारी, बुधवार

धोंडाबाई आल्या होत्या, मागच्या गल्लीतल्या, भाजीवाल्या. नाशिक रोडच्या नवीन टेलरला ब्लाउज शिवायला टाकायचंय, तर आईकडचं माप हवं होतं.

“भिंतीवर हाय ना माझं माप. खिडकीच्या बाजूला, खालून तिसरं. तुझ्या आईला पाठ व्हतं, पण ती काय आता सांगायची.”

मी म्हटलं, भिंतीला रंग दिला.

त्या खोलीच्या दारापर्यंत आल्या, आत डोकावल्या. “हे काय गं, स्मशानासारखं? काळं न् राखाडी.”

“कामासाठी लागतं.”

“टेलर नवीन माप घेईल, तुमचं बदललंही असेल,” हेही मी सांगितलं. हे बरोबरच होतं. धोंडाबाई बाबांकडे बघून म्हणाल्या, “भाऊ, तुमी तरी सांगायचं पोरीला.” बाबा म्हणाले, “जाऊ द्या हो. चहा घेता का?”

चहा पिऊन, एक जुडी मेथी ठेवून गेल्या.

३० जानेवारी, गुरुवार

शेवटच्या शॉटवर काम सुरू केलं. काळ्या भागात किती तपशील आहे हे बघायला मी आधी उजेड पूर्ण वर घेते आणि मग खाली कापत येते. ही नेहमीचीच पद्धत.

उजेड वर घेतल्यावर स्वयंपाकघर रिकामं नाही. धान्याची कणगी आणि भिंत यांच्या मधल्या काळोखात एक बाई बसलेली आहे. शॉट सुरू होतो तेव्हाही आहे, संपतो तेव्हाही आहे.

छापील प्रतींचा काळा फार गडद असायचा, त्यात ती कधी दिसलीच नसणार. निगेटिव्हमध्ये मात्र आहे. चाळीस वर्षं तिथे बसून आहे म्हणायचं.

ललितला फोन केला.

“युनिटमधली कोणी असेल. काढून टाक.”

“काढायला नको. काळा खाली घेतला की जाते.”

“मग घे ना! अगं, त्या रिकाम्या स्वयंपाकघरावर लोकांनी प्रबंध लिहिलेत. तिथे बाई बसलेली निघाली तर मेलोच आपण.”

काळा खाली घेतला, म्हणजे आणखी गडद केला. एक चक्री फिरवायची, मिनिटभराचंही काम नाही. बाई गेली. दिग्दर्शकाने त्या काळात मंजूर केलेल्या प्रतीत ती नव्हती, तेव्हा तांत्रिकदृष्ट्या हेच योग्य. सरांना सांगायची गरज नाही. त्यांना तसंही दिसणार नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

शेवटचा शॉट लावला. सर खिडकीकडे तोंड करून बसले. असं बसलं की पडदा त्यांच्या डोळ्याच्या कडेला येतो. आवाज ऐकत होते, जाळाचा तडतडणारा आवाज.

“काळा किती काळा केलास?”

“प्रिंटमध्ये असेल तेवढा.”

“आणि त्याच्या आत काय आहे?”

मी पडद्याकडे बघितलं.

“आत चंद्रभागा आहे,” सर म्हणाले.

चंद्रभागा म्हणजे त्यांची बायको. तीन वर्षांपूर्वी गेल्या. सरांनी सांगितलं ते असं. वैलावरचं दूध उतू जायला चुलीत एकसारखा जाळ लागतो. युनिटमधल्या कुणालाच तो जमेना. एकदा दूध नासलं, एकदा दूध वर यायच्या आत उजेड गेला, एकदा कुत्रं येऊन चौकटीत बसलं. “सुंदर बसलं होतं, पण ठेवता येईना.” मग चंद्रभागाबाई म्हणाल्या, मी बसते. चुलीचं तोंड भिंतीकडे फिरवलं, त्यांना कणगीआड बसवलं, अंगावर काळी घोंगडी दिली. हलायचं नाही, खोकायचं नाही, कारण आवाजही शॉटबरोबर तिथेच रेकॉर्ड होत होता.

“शॉट झाला. मी कट म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती उठली आणि बाहेर गेली. त्यानंतर माझ्या एकाही शूटिंगला ती आली नाही. चाळीस वर्षं संसार केला, डबे दिले, पाहुण्यांचं केलं. पण शूटिंगला नाही. मी विचारलं नाही. ती सात मिनिटं मी दुधाकडे बघत होतो, योगिनी. तिच्याकडे बघितलंच नाही. तू बघ आणि सांग.”

मी उजेड वर घेतला आणि सांगत गेले. गुडघे पोटाशी घेतलेत. डाव्या हाताने पदर तोंडावर धरलाय. उजव्या हाताने काटक्या मोडतायत, पण आवाज होऊ नये म्हणून मांडीखाली धरून. काटकी आत सरकवतात, हात परत मांडीवर. खांदे हलतायत.

“रडतेय?”

“खोकला दाबतायत. धूर त्यांच्याकडेच जातोय.”

लताबाई दारात येऊन उभ्या होत्या. “बाईंना धूर सोसत नव्हता. शेवटी लय खोकायच्या. हवेचं मशीन लावायची येळ आली व्हती.”

“लता, चहा टाक,” सर म्हणाले.

दूध वर यायला लागलं. मी सांगितलं, आता मान वर केलीय. दूध काठाला आलं. हात पुढे गेला, पातेल्याकडे. अर्ध्यातून मागे घेतला.

“हात पुढे आला?”

“हो. उतरवायला गेला असावा. मग थांबल्या.”

सर मग म्हणाले, “चेहरा सांग.”

“चेहरा नाही सर.”

“नाही म्हणजे?”

“तिथे उजेड पोचलेला नाही. नुसते फिल्मचे दाणे आहेत.”

“एवढी यंत्रं आणलीस. चिडली होती का एवढं कळलं तरी पुरे.”

मी म्हटलं, प्रयत्न करते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सरांनी निर्णय दिला. काळा काळाच ठेवायचा.

मला हे सोपं वाटायला हवं होतं, कारण मी तेच करून ठेवलंय. पण मी वाद घातला. का घातला माहीत नाही. म्हटलं, तुमच्या कुठल्याच चित्रपटात त्या नाहीत, याच एका ठिकाणी आहेत, उजेड थोडा वर घेऊ. ज्याला बघायचं त्याला दिसतील.

“तिने खोकला कशासाठी दाबला?”

“आवाज येऊ नये म्हणून.”

“जागा रिकामी वाटावी म्हणून. धूर छातीत घेतला तो त्यासाठी. आज तिला उजेडात आणून बसवलं तर ते सगळं फुकट जाईल. एकदा तिला न विचारता बसवलं, आता न विचारता दाखवू?”

“मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, त्याच म्हणाल्या, मी बसते.”

सर माझ्या कानाच्या पलीकडे बघत राहिले. “म्हणाली. मी म्हणायला लावलं असेल. तुम्ही यंत्रांची माणसं फार लक्षात ठेवता.”

मग परत तेच. चेहऱ्याचं काय झालं? अजून नाही, मी म्हटलं.

येताना रस्त्यात उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली अडकली होती. तिच्या मागे थांबून होते तेव्हा लक्षात आलं, मी त्यांच्या अंगावर आवाज चढवला होता. गिऱ्हाइकाशी मी असं कधी बोलत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चेहऱ्यासाठी जे करता येतं ते सगळं केलं. सलग फ्रेम एकमेकींवर बसवून दाणे कमी केले. घोंगडीची किनार निघाली, बांगड्या निघाल्या, पदराची घडीही निघाली. पदराच्या वर काही नाही. जिथे उजेड गेलाच नाही तिथे निगेटिव्हला काही माहीत नसतं.

ललितला सांगितलं तर तो म्हणाला, एआयने काढ की, दोन मिनिटांचं काम. काढून पाहिला. सॉफ्टवेअरने चेहरा दिला. तिशीतली बाई, नाक सरळ, किंचित हसरी. कोणाचाही असू शकेल असा चेहरा. तो या बाईचा नाही, सॉफ्टवेअरने इतर हजारो चेहऱ्यांवरून अंदाजाने बनवलेला आहे. सरांना तो सांगणं म्हणजे खोटं सांगणं. फाइल पुसून टाकली.

जेवायला उशीर झाला. बाबा ताट झाकून बसले होते. “एवढं काय शोधतेस?” म्हणाले. एका बाईचा चेहरा, मी म्हटलं. “सापडला?” नाही. त्यांनी भाकरी माझ्या ताटात ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. आजकाल त्यांचं लक्ष नसतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पळशाला गेले नाही. लताबाईंचा फोन आला, सरांना न्यूमोनिया झालाय, दवाखान्यात आहेत. तिकडे ललित घाईत आहे. मास्टर, म्हणजे अंतिम प्रत, पाठवून दिला. काळा, सरांनी सांगितला तसाच. डिस्क संस्थेच्या आहेत, पुढच्या बुधवारी परत न्यायला माणूस येईल. करारानुसार माझ्याकडे कुठलीही प्रत ठेवायची नाही. मी ठेवणारही नाही.

४ मार्च, मंगळवार

सर परवा घरी आले. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, त्याचा अर्थ लताबाईंनी मला दाराबाहेरच सांगितला. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन आहे. ते एकसारखं घरघरतं.

“डिस्क आणलीस?”

“आणलीय. उद्या परत जाणार.”

“मग लाव एकदा.”

काळोखातला उजेड वर घेऊन शॉट लावला, मॉनिटर पलंगाच्या कडेला ठेवला. सरांनी भिंतीकडे मान वळवली, पण आता कडेनेही फार दिसत नसावं. मी मागच्यासारखंच सांगत गेले. गुडघे. पदर. काटकी मांडीखाली. त्यांना आता क्रम पाठ आहे, माझ्या आधीच ओठ हलवत होते. दूध वर आलं. हात पुढे गेला, मागे आला.

“आणि चेहरा?”

पडद्यावर तिथे दाणे होते. करडे, हलणारे.

“आज दिसतोय,” मी म्हटलं.

त्यांनी मान फिरवली. कष्ट पडले, मशीनची नळी ताणली गेली. “चिडलीय?”

“नाही.”

“मग?”

“शांत आहेत सर. दुधाकडे बघतायत.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी डोळे मिटले. उतू गेलेल्या दुधाचा चुलीवर चरचर आवाज झाला आणि शॉट संपला. परत लाव म्हणाले नाहीत. मी सामान आवरलं. लताबाईंनी फाटकापर्यंत येऊन बॅग धरली.

घरी आले तेव्हा बाबा ओट्याशी बसून मेथी निवडत होते. मी हातपाय न धुताच समोर बसले आणि निवडायला घेतली. थोड्या वेळाने विचारलं, आई गेली तेव्हा तिचा चेहरा कसा होता. हे मी त्यांना आजवर विचारलं नव्हतं.

बाबांनी हातातल्या काडीची पानं खुडली. मग दुसरी काडी घेतली, तिचीही खुडली.

“शांत होता,” म्हणाले.

“नक्की?”

“नक्की.”

आम्ही दोघांनी मिळून मेथी संपवली.